माइक आम्ही का बंद करायचा?

प्रति,
महाराष्ट्रात ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा भरवणारे आयोजक, त्यांचे समालोचक म्हणजे कास्टर, आणि डिस्कॉर्ड (गेमर्सचं चॅट-कॉलचं अ‍ॅप) व व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळणारे मॉडरेटर यांस,

स.न.वि.वि.

नियम क्रमांक १४ मी कंपनीच्या बसमध्ये वाचला. चाकणहून सुटलेली बस नाशिक फाट्याला अडकली होती आणि आमच्या स्नायपरने (लांबून नेम धरणाऱ्याने) आमच्या चौघांच्या टीमच्या, म्हणजे स्क्वॉडच्या, ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या बीजीएमआय या मोबाइल गेमच्या स्पर्धेची नियमावली टाकली होती. बक्षिसाची रक्कम, स्लॉट, मॅप, पॉइंट टेबल, सगळं नीटनेटकं. मग चौदावा नियम: "महिला खेळाडूंनी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी लॉबीमध्ये व डिस्कॉर्डवर माइक बंद ठेवावा, तसेच आयडीमध्ये शक्यतो मुलीचे नाव वापरू नये. काही प्रकार घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत." त्याखाली पंधरावा, दोन ओळींचा. मुलींचा वेगळा गट रद्द. सोळा स्क्वॉड हवे होते, अकराच आले.

आयोजकाचं नाव इथे लिहीत नाही. त्या एकट्याला धरून उपयोग नाही, कारण गेल्या काही वर्षांत मी ज्या स्पर्धा खेळले त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा नियम होताच, फक्त कुणी लिहून ठेवला नव्हता. याने तो टाइप केला. त्या मानाने हा माणूस सरळ म्हणायचा.

मी मूळची अमरावतीची, वय २८, चाकणच्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम बघते. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं तेव्हा हॉस्टेलच्या कॉटवर बसून, भावाने टाकून दिलेल्या तडकलेल्या काचेच्या फोनवर खेळायला लागले. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचंच भारतीय रूप बीजीएमआय आलं, पुढच्या वर्षी तेही स्टोअरवरून उडालं, मे २०२३ मध्ये परत आलं. या सगळ्या ये-जा मध्ये आमचा स्क्वॉड टिकला. मी त्यात आयजीएल (इन-गेम लीडर) आहे. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: कुठे उतरायचं, झोन (सुरक्षित वर्तुळ) सरकला की कुठल्या बाजूने आत शिरायचं, समोरच्या घरावर रश करायचा, म्हणजे तुटून पडायचं, की गप्प बसायचं, नॉक, म्हणजे घायाळ, झालेल्या आपल्याच माणसाला उचलायचं की सोडून पळायचं, हे चौघांत एकाने ठरवायचं असतं. ते मी ठरवते, आणि बोलूनच ठरवते.

तुम्ही म्हणाल, टीमचा माइक वेगळा, लॉबीचा, म्हणजे सगळ्या टीमना ऐकू जाणारा, वेगळा, तुझ्या टीमशी बोलायला कोण अडवतंय? बरोबर. पण पॉइंट चुकीचे लागले तर हरकत डिस्कॉर्डवर घ्यावी लागते, आणि ती आयजीएलनेच घ्यायची असते, हा तुमचाच नियम क्रमांक ६ आहे. सहावा म्हणतो बोल, चौदावा म्हणतो बोलू नको. लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही आलं नाही, कारण आयजीएल म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर मुलगाच आला असणार.

आता तक्रारी. खूप आहेत, सगळ्या सांगत बसत नाही.

पहिली, भाषेची. गेममधल्या विमानात बसण्याआधी सगळे खेळाडू जमतात त्या स्पॉन आयलंडवर जो मिनिटभर मिळतो त्यात मुलीचा आवाज आला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी "अरे, लडकी है क्या?", मग इन्स्टाचा आयडी, मग नाही दिला म्हणून आई-बहीण. बीजीएमआयने भारतात येताना 'किल'चं 'फिनिश' केलं, रक्ताचा लाल रंग बदलून हिरवा केला. पोरांवर वाईट परिणाम नको म्हणून ही सगळी काळजी. आमच्या कानात जे ओतलं जातं त्याचा रंग बदलायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ते गेम कंपनीचं काम, आमचं नाही, असं तुम्ही म्हणता. पण कस्टम रूम (स्पर्धेपुरती खासगी रूम) तुमची असते, आयडी-पासवर्ड तुम्ही देता. रूममध्ये दोन मिनिटं उशिरा आलेल्या स्क्वॉडचा स्लॉट तुम्ही दुसऱ्याला देता. टीमिंग (दोन स्क्वॉडनी संगनमत) केलं तर रेकॉर्डिंग मागवून, फ्रेम फ्रेम बघून बाद करता. म्हणजे शिस्त लावता येते तुम्हाला. शिवीगाळीची पाळी आली की मात्र म्हणता, "ताई, म्यूट करा ना."

म्यूट मी केलंय. वर्षभर तर त्याही पुढे गेले होते. आयडीचं नाव मुलाचं ठेवलं, लॉबीत चकार शब्द काढायचा नाही, डिस्कॉर्डवर हरकत घ्यायची तर स्नायपरने माझ्या वतीने बोलायचं. मी टाइप करायचे, तो वाचायचा. त्या वर्षी मला कुणी शिवी दिली नाही, हे खरं आहे. त्याच वर्षी आम्ही दोन स्पर्धा जिंकलो आणि मुलाखतीला स्नायपर बसला, हेही खरं आहे. नियम १४ पाळून दाखवलेली मुलगी तुमच्यासमोर आहे. काय मिळतं ते मला पाठ आहे.

दुसरी तक्रार माझी नाही, आमच्या सपोर्टची, म्हणजे बाकीच्यांना सांभाळून घेणाऱ्या खेळाडूची, आहे. तिने मला लिहायची परवानगी दिली, नाव न घालण्याच्या अटीवर.

ती मिझोरामची. पुण्यात नर्सिंग शिकली, इथेच एका रुग्णालयात नोकरीला आहे. मराठी माझ्याइतकीच फर्डी बोलते, फक्त 'ळ'ला अजून अडखळते आणि त्यावर स्वतःच हसते. स्मोक (धूर) टाकून नॉक झालेल्याला उचलण्यात तिचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. धंदाच तो तिचा, ती म्हणते. स्ट्रीमवर आमचे चेहरे दिसायला लागले त्या पहिल्या स्पर्धेपासून चॅटमध्ये तिच्यासाठी तीनच शब्द आहेत: मोमो, चायना, आणि तिसरा मी लिहिणार नाही. गेल्या दिवाळीच्या आसपासच्या एका फायनलमध्ये ती नॉक झाली आणि कास्टर, ज्याला मानधन देऊन बसवलेलं होतं, तो म्हणाला, "गेली, मोमोची प्लेट गेली!" सोबतचा कास्टर हसला. चॅट धावायला लागलं. मॉड, म्हणजे मॉडरेटर, दोन होते, दोघेही ऑनलाइन होते.

मी त्या वेळी काय केलं? मीही हसले. कानात हेडफोन, समोर मॅच, आवाज आला आणि तोंडातून हसू निघून गेलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून आल्यावर तिने फोन केला. म्हणाली, "मी ऐकलं ते. तू पण ऐकलंस ना?" कोण हसलं हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मग ती म्हणाली, रविवारी स्क्रिम्स (सरावाच्या मॅच) आहेत का. हे पत्र लिहायला मला इतका उशीर का झाला, त्याचं अर्धं कारण तो फोन आहे.

हे चेष्टेचं प्रकरण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मे २०२१ आठवावा. बीजीएमआय यायचं होतं. अरुणाचल प्रदेशचे आमदार निनाँग एरिंग यांनी या गेमवर बंदी घाला असं पत्र पंतप्रधानांना लिहिलं. मागणी मला पटली नव्हती, आजही पटत नाही. पण त्यावर लुधियानाच्या एका यूट्यूबरने व्हिडिओ केला आणि म्हणाला काय, तर हा माणूस भारतीय दिसत नाही, अरुणाचल चीनचा भाग आहे. गेमबद्दल वाद होता. उत्तर चेहऱ्यावरून आलं. पोलिसांनी त्याला पकडून अरुणाचलला नेलं, त्याने माफी मागितली, आणि आपण सगळे परत 'लाँच कधी' या चर्चेला लागलो. त्या माणसाची आणि आपल्या कास्टरची जातकुळी एकच आहे. एकाने आमदाराला म्हटलं म्हणून बातमी झाली, दुसऱ्याने एका नर्सला म्हटलं म्हणून क्लिप झाली. ती क्लिप अजून फिरते आहे, खाली हसण्याच्या इमोजी.

जातीचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगते की खराब खेळणाऱ्याला जातीच्या नावाने हाक मारणं हाही आपल्या लॉबीतला रोजचा प्रकार आहे, आणि त्यात पोरांना पोरंच बोलतात. आडनाव न लावणारे आयडी का वाढलेत, हे मॉड मंडळींनी एकदा मनाशी विचारून पाहावं.

"बाहेरच्या देशांतही हेच चालतं," हे वाक्य मला दोन आयोजकांनी दोन वेगळ्या शहरांत ऐकवलं. चालतं, खरंय. २०१६ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या ड्रीमहॅक स्पर्धेत टेरेन्स मिलर हा कृष्णवर्णीय खेळाडू हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये थेट अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि तो खेळत असताना थेट प्रसारणाच्या ट्विच या साइटचं चॅट वर्णद्वेषी शेरेबाजीने भरून वाहत होतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या तेव्हाच्या प्रमुखांना जाहीरपणे नाराजी नोंदवावी लागली, चॅटला आवर घालायचे उपाय ट्विचबरोबर शोधू असं सांगावं लागलं. चॅट आमच्या हातात नाही, असं म्हणायची सोय त्यांना उरली नाही. बाहेरचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या.

तिसरी तक्रार हँडकॅमची, म्हणजे खेळताना हातांवर रोखलेल्या कॅमेऱ्याची. ही ऐकायला किरकोळ वाटेल, मला सगळ्यात जास्त हीच लागली.

एका क्वालिफायरमध्ये माझ्या नावावर अकरा फिनिश लागले. रात्री साडेअकराला मेसेज: उद्याच्या मॅचला हँडकॅम लावा, हॅकचा संशय आहे. मी विचारलं, त्याच लॉबीत तेरा फिनिशवाला एक आहे, त्यालाही लावायला सांगितलंय का? उत्तर: "त्याला आम्ही ओळखतो." मी लावला. स्टूलवर डबे रचून, त्यावर भावाचा फोन तिरका बांधून, दोन्ही अंगठे कॅमेऱ्यासमोर ठेवून खेळले. नऊ फिनिश. संशय मिटला असं कुणी कळवलं नाही. चॅटमध्ये दुसरी शंका सुरू झाली: मागून कुणीतरी कॉल (सूचना) देत असणार.

तेव्हा मला दक्षिण कोरियाच्या किम से-यॉनबद्दल माहीत नव्हतं, नंतर वाचलं. गेगुरी या नावाने ती ओव्हरवॉच हा नेमबाजीचा गेम खेळायची. २०१६ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिची नेमबाजी इतकी अचूक कशी म्हणून काही व्यावसायिक खेळाडूंनी तिच्यावर फसवणुकीचा आरोप केला. तिला हातावर आणि माऊसवर कॅमेरा लावून सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं. आरोप खोटा निघाला. दोन वर्षांनी शांघाय ड्रॅगन्सने तिला घेतलं आणि ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली. वाचताना मला आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांसमोर आले ते माझे रचलेले डबे. हँडकॅमला माझा विरोध नाही, हॅकर आपल्याकडे ढिगाने आहेत. पण मुलगा चांगला खेळला तर त्याला क्लच (अटीतटीला बाजी मारणारा) म्हणायचं आणि मुलगी चांगली खेळली तर तिची झडती घ्यायची, यालाच जर फेअर प्ले म्हणायचं असेल तर नियमावलीत तसं छापा.

चौथी, फोन नंबरची. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तुम्ही नंबर, वय, इन्स्टा सगळं मागता, आणि मग चौसष्ट जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करता. एवढ्या सगळ्या अनोळखी माणसांकडे माझा नंबर. मुलींच्या गटात तर पडताळणी म्हणून व्हिडिओ कॉलही घेता. त्यामागचं कारण मला माहीत आहे आणि ते खरं आहे: मुलींच्या नावावर भाऊ, मित्र, भाड्याने आणलेले खेळाडू खेळतात. पडताळणी हवीच. पण त्या कॉलचे स्क्रीनशॉट एका ग्रुपवर 'रेट करा' म्हणून फिरले होते, आणि ते तुमच्यातल्याच कुणाच्या तरी फोनमधून निघाले होते, कारण कॉलवर दुसरं कुणी नव्हतंच. अकरा स्क्वॉड का आले, सोळा का नाही आले, हे शोधायला फार लांब जायला नको.

स्क्रीनवरचं स्क्रीनवर राहतं, असं मला एका मॉडने समजावलं होतं. २०१४ मध्ये गेमरगेटच्या, म्हणजे गेमिंगमधल्या बायकांविरुद्धच्या ऑनलाइन छळमोहिमेच्या, धुमाळीत अनिता सारकीशियन या समीक्षिकेला युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं भाषण रद्द करावं लागलं. हत्याकांडाची धमकी आली होती, आणि तिथल्या कायद्यामुळे सभागृहात बंदूक घेऊन येणाऱ्यांना अडवता येणार नाही असं तिला सांगण्यात आलं होतं. तिचा गुन्हा काय, तर व्हिडिओ गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर ती व्हिडिओ करायची. माझ्या बाबतीत धमकी वगैरे काही नव्हती. रात्री दीडला एका नंबरवरून सलग सहा मिस्ड कॉल, आणि सातवा उचलल्यावर एका मुलाने माझ्या सोसायटीचं नाव सांगितलं. बस, इतकंच. महिनाभर मी पार्किंगमधून धावत वर जायचे.

पाचवी, लॅन फायनलची, म्हणजे सगळ्यांनी एकाच जागी येऊन खेळायच्या फायनलची. रात्री एक वाजता संपणारी मॅच, तिसऱ्या मजल्यावरचा गेमिंग कॅफे, मुतारी एकच आणि तिला कडी नाही. आणखी काय लिहू?

आता "मुली येतच नाहीत" या तुमच्या लाडक्या वाक्याकडे येते.

१९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर नावाची तेरा वर्षांची मुंबईची मुलगी बुद्धिबळाच्या राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत खेळायला बसली. त्यावरून इतका गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. मुली येत नाहीत हे तेव्हाही म्हणतच असतील लोक. एकीला बसू दिलं. जुलै २०२५ मध्ये आमच्या विदर्भातली, नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आणि हीच दिव्या जानेवारी २०२४ मध्ये, अठरा वर्षांची असताना, नेदरलँड्सच्या वाइक आन झीची स्पर्धा खेळून आल्यावर लिहीत होती की प्रेक्षकांना माझ्या डावांपेक्षा माझे केस, कपडे आणि उच्चार यातच रस होता. विश्वचषक जिंकून परतल्यावर नागपुरात तिच्यावर फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं होतं, देव जाणे. बुद्धिबळ म्हणजे सभ्य लोकांचा खेळ, तिथे ही गत. आणि तेच बुद्धिबळ २०२५ पासून रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकातही आहे, म्हणजे आता ती मंडळीही आपल्याच पंगतीला बसलीत.

मुलींचा गट हा कायमचा कोपरा म्हणून मला नको. तो पायरी म्हणून हवा, आणि पायरी एकदा टाकून सोडून द्यायची नसते. रायट कंपनीने आपल्या व्हॅलोरंट या गेमसाठी २०२१ मध्ये गेम चेंजर्स नावाची मालिका सुरू केली, स्त्रिया आणि लिंगभावामुळे मागे पडणाऱ्या इतर खेळाडूंसाठी. पुढच्या वर्षाअखेर बर्लिनला तिची जागतिक स्पर्धा झाली आणि त्यानंतर ती दरवर्षी होते आहे. याच रायटवर आतल्या बायकांनी भेदभावाचा दावा लावला होता आणि २०२१ मध्येच १० कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला होता. तेव्हा मी कुणाची आरती ओवाळत नाहीये. सातत्याबद्दल बोलते आहे. तुम्ही एकदा पोस्टर काढलं, गुलाबी रंगाचं, अकरा स्क्वॉड आले, आणि तुम्ही पायरी उचलून घरी नेली. अकरा स्क्वॉड म्हणजे चव्वेचाळीस मुली, शिवाय राखीव खेळाडू. यांना काय उत्तर दिलं? प्रवेश फी परत मिळेल.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या गेमर्सना भेटायला बोलावलं. सात जण होते. त्यात आपला यूट्यूबर मिथिलेश पाटणकर होता याचा मलाही आनंद झाला. मुलगी एक, छिंदवाड्याची पायल धारे. त्या फोटोखाली तिच्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय, तुम्हीही वाचलंय. आणि आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला तेव्हा भारतातला गेम जगभर पोचला म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्याची नायिका कोण, तर भावाला राक्षसांच्या हातून सोडवायला निघालेली डोंबाऱ्याची पोर. नायिका चालते आपल्याला. ती बोलायला लागली की अडचण.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली. तुमच्या पोस्टरवर तेव्हापासून "आता अधिकृत खेळ" असं लिहिलेलं असतं. मग आणखी एक कायदा वाचा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा. त्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागासुद्धा स्पष्ट शब्दांत घातलेली आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. "आयोजक जबाबदार राहणार नाहीत" हे वाक्य लिहिताना हे कुणाला विचारलं होतं का? खेळ म्हणवून घ्यायचं असेल तर मैदानात पंच लागतो. कबड्डीच्या पंचाने कधी खेळाडूला सांगितलंय का, की बाई, तू दम धरताना आवाज करू नकोस, समोरची पोरं काहीबाही बोलतात?

मागण्या सांगते. यातली एकही महाग नाही.

नियम १४ काढून टाका, आणि त्याच क्रमांकावर दुसरा लिहा: लिंग, जात, प्रांत, वर्ण, धर्म यावरून कुणाला बोललं तर पहिल्या वेळी त्या स्क्वॉडचे त्या मॅचचे सगळे पॉइंट शून्य, दुसऱ्या वेळी स्पर्धेतून बाद. स्क्वॉडचे म्हणते आहे, एकट्याचे नाही. पॉइंट गेले की बाकीचे तिघे त्याला आपोआप गप्प करतील. मी आयजीएल आहे, मला माहीत आहे.

मुलींचा गट अकरा स्क्वॉडवर घ्या. उरलेल्या जागी मिश्र स्क्वॉड घालायचे असतील तर घाला. पण वर्षातल्या तीन स्पर्धांच्या तारखा आज जाहीर करा. तारीख माहीत असली की मुली घरी सांगून, सुट्टी टाकून येतात. आठ दिवस आधी लागलेल्या पोस्टरवर रात्रीच्या मॅचला कुठली आई परवानगी देईल?

स्ट्रीमवर मॉड नेमा आणि त्यांना पैसे द्या. पैसे नाहीत म्हणाल तर बक्षिसाच्या रकमेतून पाच टक्के कापा, आम्ही जिंकलो तरी कापा. ज्या कास्टरने 'मोमोची प्लेट' म्हटलं त्याने पुढच्या प्रसारणाच्या सुरुवातीला, माइक चालू ठेवून, माफी मागावी. त्याला काढून टाका असं आमची सपोर्ट म्हणत नाही. मी म्हणत होते, तिने मला थांबवलं.

हँडकॅम सगळ्यांना, नाहीतर चिठ्ठी टाकून. ओळखीवर नाही.

खेळाडूंचे नंबर ग्रुपवर उघडे पडता कामा नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपवरच कळवलं तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, दहा मिनिटांचं काम आहे. पडताळणीचा कॉल बाईने घ्यावा, रेकॉर्ड होऊ नये. ते स्क्रीनशॉट कुणाच्या फोनमधून गेले ते शोधा. तुम्ही नाही शोधलेत तर सायबर पोलिसांकडे जायचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे.

लॅन फायनल रात्री नऊच्या आत संपवा. मुतारीला कडी लावा. भिंतीवर तक्रार कुणाकडे करायची त्या बाईचं नाव आणि नंबर लावा. स्पर्धा संपल्यावर किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं, हे पॉइंट टेबलच्याच खाली जाहीर करा.

उत्तर मला खासगीत देऊ नका. "ताई, कॉल करतो, बसून बोलू" असे चार मेसेज आधीच आलेत आणि प्रत्येकाचा सूर एकच आहे की हे बाहेर कशाला. बाहेरच बोलू. नियम जसा पीडीएफमध्ये सगळ्यांना पाठवलात तसाच बदलही पाठवा.

नोंदणीची शेवटची तारीख येत्या रविवारची आहे. आम्ही खुल्या गटात नाव दिलंय. चार खेळाडू, एक राखीव. आयजीएलच्या आयडीत या वेळी माझं खरं नाव आहे, सपोर्टच्या आयडीत तिच्या गावाचं. दोघींचे माइक चालू असतील. रूमचा आयडी-पास नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटं आधी पाठवावा.

कळावे,
आपली,
स्लॉट क्रमांक ९ ची आयजीएल
पुणे